डब्यावरचा मुटका

“कोकिळे, ऊठ आता. सावलीत जाऊन बस जराशी, थकली अशीन,” सिंधूताई म्हणाल्या.

कढईतल्या खव्याला तांबूस रंग चढला होता आणि कडेनं तूप सुटायला लागलं होतं. सकाळपासून लांब दांड्याचं उलथणं कोकिळाबाईच फिरवत होती. तिनं ते कढईतून काढलं, निथळू दिलं, भिंतीला टेकवून ठेवलं. बादलीतल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, आणि लिंबाच्या सावलीत जायचं सोडून सरळ येऊन अन्नपूर्णा आणि विमलबाई यांच्या मधल्या जागेत मांडी घालून बसली.

“मी नाही थकली,” ती म्हणाली. “आज मीबी मुटके वळीन.”

शेडमध्ये अन्नपूर्णानं आपलं लुगडं थोडं आवरून घेतलं. विमलबाई वयानं सगळ्यांत मोठ्या, त्या अशा वेळी नेहमी करायच्या तेच त्यांनी केलं, म्हणजे ऐकूच आलं नाही असं दाखवलं. आणि कोकिळाबाईनं गरम खव्यात हात घातला.

खडकदरीचे मुटके ज्यांनी खाल्ले नाहीत, त्यांना यात एवढं काय विशेष ते कळायचं नाही. बुलढाण्याहून शेगावकडे निघालेली गाडी घाट उतरायला लागण्याच्या जरा आधी हे गाव लागतं. डोंगराच्या गवतावर चरणाऱ्या म्हशींचं दूध इथं घट्ट. पूर्वी ते खाली बाजारात न्यायची सोय नव्हती, म्हणून लोक ते आटवायचे. नुसता खवा टिकत नाही, म्हणून तो पार तांबडा होईस्तोवर भाजायचे, साखर घालायचे, आणि गरम असतानाच तळहातावर घेऊन मूठ दाबायचे. मूठ एकदाच दाबायची. दुसऱ्यांदा दाबली की तूप बाहेर येतं आणि मुटक्याचा दगड होतो. त्यामुळे ज्या हातानं दाबला त्याची चार बोटं मुटक्यावर जशीच्या तशी उठतात. मग तो पळसाच्या पानात बांधायचा. गुराखी असे मुटके कमरेला बांधून डोंगरात जायचे. गावातल्या जुन्या माणसांना पान उघडलं की हा कुणाच्या घरचा हात आहे ते ओळखू यायचं.

हात लावल्याशिवाय मुटका होत नाही. सगळी गोम तिथंच होती.

डोंगरमाया महिला बचत गट सिंधूताईंनी काढला, त्याला आता दोनेक वर्षं होत आली होती. सिंधूताई म्हणजे भगवानरावांच्या मंडळी. भगवानरावांची गावात सगळ्यांत मोठी शेती, आणि त्यांच्याच गोठ्यामागच्या शेडमध्ये गटाची भट्टी. गटात भीमनगरातली बाई एकच, कोकिळा पुंजाजी हिवाळे. तिच्या दोन म्हशींचं दूध रोज कढईत जायचं आणि त्याला कुणाची काही हरकत नव्हती. म्हशीला कोण जात विचारतो? लाकडं ती फोडायची, त्यालाही हरकत नव्हती. उलथण्याचा दांडा तर चांगला हातभर लांब, म्हणजे मध्ये भरपूर अंतर. पण खवा उतरून मूठ वळायची वेळ झाली, की कोकिळाबाई नेमकी थकायची. म्हणजे सिंधूताईंना ती थकल्यासारखी दिसायची.

सुरुवातीला बरेच दिवस तिला या मायेचं कौतुकच वाटलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगायची की ताई किती जीव लावतात, जरा घाम आलेला दिसला की बस म्हणतात. पुंजाजी ऐकून घ्यायचा आणि म्हशीच्या पाठीवर पाणी मारत राहायचा. त्याला बहुतेक पहिल्या दिवशीच कळलं असावं. मग एकदा कोकिळाबाई बहिणीकडच्या लग्नाहून उशिरा परतली. ती शेडवर पोचली तेव्हा सकाळपासून उलथणं फिरवून अन्नपूर्णाचा चेहरा लालबुंद झाला होता. खवा उतरला आणि अन्नपूर्णा तशीच मुटके वळायला बसली. ती थकली असेल असं कुणालाच वाटलं नाही. कोकिळाबाई दारात उभी राहून ते बघत होती. तिला काय कळायचं ते तेव्हा कळलं, आणि इतके दिवस आपण कौतुक करत होतो याचीच तिला जास्त लाज वाटली.

त्यानंतर तिनं हात घातला तो हा दिवस.

तिचा मुटका इतरांसारखा दिसणं शक्यच नव्हतं. उजव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट तिचं अर्धंच आहे. तरुणपणी भगवानरावांच्या गोठ्यात ती कामाला असताना कडबा कापायच्या यंत्रात ते गेलं. तेव्हा सिंधूताई नव्या नवरी होत्या. त्यांनी अंगावरच्या नव्या साडीचा पदर टरकावून हात बांधला आणि बुलढाण्याच्या दवाखान्यापर्यंत तो रक्ताळलेला हात मांडीवर धरून बसल्या. हे सगळ्या गावाला माहीत आहे. तर अशा हातानं मूठ दाबली की मुटक्यावर तीन बोटं पुरती उठायची आणि चौथं अर्ध्यावर थांबायचं.

सिंधूताई भांडल्या नाहीत. भांडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एक रिकामी परात उचलून कोकिळाबाईपुढे सरकवली. “तुझे याच्यात ठेव, म्हंजे घोटाळा नाही होत,” एवढंच म्हणाल्या. संध्याकाळी प्रत्येक बाई दोन मुटके पानात बांधून घरी न्यायची. त्या परातीतला कुणीही घेतला नाही. आणि दुपारीच, आत जागा नाही म्हणून, ती परात दाराशी, उजेडात, ओट्यावर ठेवली गेली.

आता देवाला हसू येत असेल तर ते अशाच वेळी येत असावं. कारण त्याच दुपारी शेखर आला. शेखरचं बुलढाण्यात छपाईचं दुकान आहे, आणि गटाच्या डब्यासाठी त्याला मुटक्याचा फोटो हवा होता. सिंधूताई त्याच्यासाठी चहा टाकायला घरात गेल्या. शेडमध्ये धूर आणि अंधार. तिथं काही फोटो येईना. शेखर इकडंतिकडं बघत दाराशी आला तर ओट्यावर उन्हात परात चमकत होती. त्यानं त्यातला एक उचलला, पळसाच्या पानावर ठेवला, वाकून, बसून, पार आडवा होऊन फोटो काढले. अन्नपूर्णा आणि विमलबाई हे सगळं बघत होत्या. दोघींच्याही ओठावर शब्द आले होते, पण हा नको, तो घ्या, असं म्हटलं तर तो का म्हणून विचारणार, आणि त्याचं उत्तर परक्या माणसापुढे कुणी द्यायचं? कोकिळाबाई लिंबाखाली उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला, कारण तिला हसू आवरेना.

परातीतले उरलेले मुटके दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरच्या गटाच्या दुकानावर रस्त्याच्या लोकांना विकले गेले. रस्त्याच्या लोकांनी बोटं चाटून खाल्ले. आणि कोकिळाबाईचं काम बदललं. खवा उतरायच्या सुमारास पानं संपलेली असायची, आणि ती आणायला डोंगरात तिनंच जायचं असायचं.

डबे आले ते टेम्पो भरून. झाकणावर नारळाएवढा मोठा मुटका, तांबूस, तुपानं तुकतुकीत, आणि त्यावर तीन बोटं आणि एक अर्धं. सिंधूताईंनी डबा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि खाली ठेवला. परत पाठवावे तर तेवढी ऐपत गटाची नव्हती. शेवटी अन्नपूर्णा म्हणाली की गावात विकायचेच नाहीत, तर कळणार कुणाला? ते सगळ्यांना पटलं. घाटमाथ्यावर गटाचं पत्र्याचं दुकान होतं, तिथं डबे लागले आणि हातोहात जायला लागले.

पण गिऱ्हाईक ही जात मोठी चौकस. शेगावला निघालेलं एखादं कुटुंब डबा घ्यायचं, गाडीत बसण्याआधी उघडायचं, आणि आत चार बोटं बघून परत यायचं. डब्यावर वेगळा आहे, हा खरा कशावरून, असं विचारायचं. कुणा तरुण जोडप्यानं त्याचा व्हिडिओ करून टाकला, की खडकदरीचा खरा मुटका अर्ध्या बोटावरून ओळखायचा. मग तर येणारा जाणारा आधी झाकण उघडायचा. सिंधूताई समजावून थकल्या की सगळे एकाच कढईतले आहेत. लोक मान डोलावायचे आणि डबा ठेवून जायचे.

कोकिळाबाईच्या कानावर हे सगळं येत होतं. आता बोलावतील, तिला मनातून वाटत होतं. आज नाही तर उद्या सिंधूताई म्हणतील, ये बाई, बस, वळ. तिला त्याचीच वाट होती. पैसा वाढेल का, नाव होईल का, हे तिच्या डोक्यातही नव्हतं. त्या शेडमध्ये सगळ्यांच्या मधोमध बसावं आणि आपल्या हातचं त्या बाईनं खावं, एवढंच तिला हवं होतं. मागणं म्हणाल तर एवढंसं, आणि म्हणाल तर त्याहून मोठं दुसरं नाही.

एक दिवस पानं लवकर मिळाली. भारा डोक्यावर घेऊन ती नेहमीपेक्षा बरीच आधी शेडच्या दाराशी आली आणि जागीच थांबली. आत चौघी परातीभोवती बसल्या होत्या. सिंधूताईंनी उजवा हात वर धरला होता आणि त्या शिकवत होत्या, की हे बोट असं अर्धं मुडपायचं, मग दाबायचं. अन्नपूर्णाचं बोट मुडपलेलं राहीना, ऐन वेळी सुटून बाहेर यायचं. विमलबाईंचे सांधे धरलेले, त्यांना एक बोट मुडपायला गेलं की सगळीच मुडपायची. परातीत वेडेवाकडे गोळे पडले होते. भल्या घरच्या चार बाया, आणि आपापली धडकी बोटं तोडकी करून दाखवायला घाम गाळत होत्या.

कोकिळाबाईला आधी हसू आलं. खरंच आलं. मग ते मध्येच कुठंतरी आटलं. तिनं भारा धपकन खाली टाकला, तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं.

“हे काय करून राह्यल्या तुमी?” तिनं विचारलं.

अन्नपूर्णानं हात पाठीमागं नेला. गिऱ्हाइकाला डब्यावरच्यासारखा पाहिजे, काय करावं, असं काहीतरी ती पुटपुटली.

“माह्या बोटाची नक्कल चालते तुमाले,” कोकिळाबाई म्हणाली. “बोट चालत नाही.”

सिंधूताई उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तू समजून घे, एवढ्या वर्षांची ओळख आपली, मी काय तुला परकी समजते का, असं त्या म्हणत राहिल्या. कोकिळाबाईनं ऐकून घेतलं. मग आपला हात त्यांच्यापुढे धरला.

“ताई, ह्याच्यातून रक्त वाहे, तवा तुमी हा मांडीवर घेतला होता. तवा काही आडवं आलं नाही. मंग आताच काय झालं?”

सिंधूताई त्या हाताकडे बघत राहिल्या. कोकिळाबाई वळली आणि घरी आली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या म्हशींचं दूध शेडवर गेलं नाही.

तीनचार दिवसांनी भर दुपारी सिंधूताई भीमनगरात आल्या. पुंजाजीची धांदल उडाली. त्यानं खाटेवर सतरंजी टाकली, ती सरळ केली, पुन्हा सरळ केली. सिंधूताई खाटेच्या अगदी कडेला टेकल्या. कोकिळाबाईनं चहा ठेवला, तर आज उपास आहे म्हणाल्या. उपासाला चहा चालतो हे अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पण कोकिळाबाईनं ते बोलून दाखवलं नाही. कप त्यांच्याशेजारी खाटेवर ठेवला आणि समोर खाली बसली.

सिंधूताईंनी तोडगा आणला होता. खवा तयार झाला की झाकून इथं पाठवायचा. कोकिळेनं घरीच मुटके वळायचे. पुंजाजींनी ते झाकून परत न्यायचे. हिश्शात तिला थोडं जास्तच देऊ. गावात बोभाटा नको आणि कुणाचं मन दुखायला नको. सांगताना त्यांना खरंच वाटत होतं की आपण चांगलं काहीतरी घेऊन आलो आहोत. पुंजाजीलाही तसंच वाटलं असावं, कारण तो बायकोकडे आशेनं बघायला लागला.

“वळीन ना,” कोकिळाबाई म्हणाली. “तिथंच वळीन. सगळ्यायच्या मधात बसून, एकाच परातीत. आन् पयला मुटका तुमी खासान. सगळ्यायच्या देखत.”

सिंधूताई बराच वेळ सतरंजीचे दोरे उपसत बसल्या.

“मले खायाले काही नाही वं,” त्या शेवटी म्हणाल्या. “माह्या मनात तसलं काही असतं तर मी इथं आली असती का? पन घरात सासूबाई हायेत. त्यायचा सोभाव तुले मालूम हाय. उद्या सोयरे काय म्हनतीन?”

“मंग त्यायले विचारून या,” कोकिळाबाई म्हणाली.

सिंधूताई उठून गेल्या. कपातल्या चहावर साय धरली होती. पुंजाजीनं ती फुंकून बाजूला केली आणि चहा पिऊन टाकला. कोकिळाबाई त्याच्यावर उगाचच खेकसली, की दुसऱ्यासाठी ठेवलेलं असं लगेच उचलून पितात का. मग तिचं तिलाच वाईट वाटलं आणि तिनं त्याला भाकरी वाढली.

पुढच्या आठवड्यात घाटमाथ्यावर, गटाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला कोकिळाबाईची भट्टी लागली. पुंजाजीनं आधी खूप हातपाय आपटले. आपल्या हातचं घेणार कोण, गावाशी वैर कशाला, दूध डेअरीला घातलं तर काय बिघडेल. एवढं सगळं बोलून झाल्यावर तो उठला आणि दगड वाहून चूल त्यानंच मांडली, आणि इतकी चांगली मांडली की धूर एकदाही डोळ्यांत गेला नाही. वर चार बांबूंवर ताडपत्री टाकली. मग कोकिळाबाईनं घरातल्या भिंतीवरून बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा, असे दोन्ही फोटो काढून आणले आणि कढईच्या मागं, रस्त्यावरून सरळ दिसतील असे टांगले.

“फोटो जरा आतल्या अंगाले लावू,” पुंजाजी म्हणाला. “गाड्या तं थांबू दे पयले.”

“नाही. पाहून थांबतीन त्यायलेच देऊ.”

“आन् नाही थांबले तं?”

“नाही तं नाही. आपुन दोघं खाऊ.”

काही गाड्या हळू व्हायच्या, आतली माणसं काचेतून भिंगातून पाहिल्यासारखी पाहायची आणि गाडी पुढं निघून जायची. कोकिळाबाई त्यांच्या नजरेला नजर देऊन उभी राहायची. पहिल्या दिवशी तर दोघांनाच खावे लागले. पण सगळेच काही पुढं जात नसतात. कुणी उतरायचे, फोटोला हात जोडायचे, पानभर मुटके न्यायचे. कुणाला फोटोंशी काही देणंघेणं नसायचं, नुसता खमंग वास आला म्हणून यायचे. आणि मग एकदा एक बाई समोरच्या दुकानातला डबा हातात घेऊन रस्ता ओलांडून आली. तिनं डब्यावरचं चित्र पाहिलं, कोकिळाबाईच्या परातीतला मुटका पाहिला, मग तिचा हात पाहिला, आणि रस्त्यापलीकडच्या नवऱ्याला हाक मारून सांगितलं की खरा इकडं आहे.

त्या दिवसापासून लोक डबे समोरून घ्यायचे आणि जुळवून पाहायला इकडं यायचे. पुढं पुढं डबे घेणंही बंद झालं. खोटं कशाला सांगायचं, कोकिळाबाईला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. दिवसभर ती मुटके वळायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला आपलं नाव आडनावासकट सांगायची. कुणी विचारलेलं नसलं तरी सांगायची. पुंजाजी आधी संकोचायचा, मग तोही पान बांधताना म्हणायला लागला, की हिवाळ्यांचे मुटके, शेगावहून परत येतानाबी थांबा.

पण गर्दी ओसरली की तिची नजर समोर जायची. सिंधूताई पत्र्याच्या सावलीत डब्यांच्या चळतीमागं बसलेल्या असायच्या. दोघींच्या मध्ये एक रस्ता, त्यावरून ट्रक जायचे. दोन वर्षं रोज एका शेडमध्ये बसलेल्या बाया, आता एकमेकींकडे बघून न बघितल्यासारखं करायच्या. कोकिळाबाईला त्या वाळल्यासारख्या वाटायच्या. एकदा तर त्या उन्हातच बसलेल्या दिसल्या, आणि ताई, सावलीत सरका, असं हिच्या तोंडून निघता निघता राहिलं.

पौषातला रविवार होता. हवेत गारवा होता आणि घाटात गाड्यांची रीघ लागली होती. भगवानरावांची जीप गटाच्या दुकानाशी उभी होती. देऊळगाव राजाचे कुणी सोयरे आले होते, त्यांना शेगाव दाखवायला न्यायचं होतं. आत सासूबाई बसलेल्या दिसत होत्या. भगवानराव बाहेर उभं राहून सोयऱ्यांशी बोलत होते. सिंधूताई जीपमध्ये चढता चढता थांबल्या. मग त्या मागं फिरल्या, दोन्ही बाजूंना पाहिलं, आणि एकट्याच रस्ता ओलांडून सरळ इकडं आल्या.

कोकिळाबाईनं त्यांना येताना पाहिलं आणि तिच्या हातातलं काम थांबलं. समोर दुकानात अन्नपूर्णा उठून उभी राहिली होती. गिऱ्हाइकं आपली आपल्या नादात होती. त्यांना काय कळणार की या चार पावलांना किती वर्षं लागली आहेत.

“दे एक,” सिंधूताई म्हणाल्या.

कोकिळाबाईनं परातीतला दिला नाही. कढईतला ताजा खवा तळहातावर घेतला, चटका बसला तरी घेतला, आणि मूठ दाबली. आयुष्यात इतकं मन लावून तिनं काही केलं नसेल. पळसाचं पान पुसलं, त्यावर मुटका ठेवला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. सिंधूताईंनी तो आपल्या तळहातावर घेतला. पान पातळ होतं, गरम तूप पानाच्या कडेनं त्यांच्या हातावर ओघळलं. त्यांनी हात मागं घेतला नाही.

जीपचा हॉर्न वाजला. सिंधूताईंनी मान वळवून तिकडं पाहिलं. मग त्यांनी पानाचं एक टोक मुटक्यावर मुडपलं, दुसरं मुडपलं.

“घरी नेऊन खाईन,” त्या म्हणाल्या.

“इथंच खा ना ताई. गरम हाय.”

“घरी खाईन म्हटलं ना.” त्यांनी पुन्हा जीपकडे पाहिलं. “खाईन मी. तुही शप्पथ.”

त्या खोटं बोलत नव्हत्या, हे कोकिळाबाईला कळत होतं. मागच्या दारी, चुलीपाशी, कुणी नसताना त्या नक्की खातील. खातील आणि तोंड धुऊन पुढच्या दारी येतील. एवढ्यासाठी ही बाई रस्ता ओलांडून आली, हेही काही कमी नव्हतं. कोकिळाबाईला ते कळत होतं, आणि तरी तिनं हात पुढं केला.

“मंग द्या वापस,” ती म्हणाली.

सिंधूताईंना आधी ती थट्टा वाटली. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पान तिच्या हातावर ठेवलं. कोकिळाबाईनं पान उलगडलं. मुटक्याचा मोठा घास घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या, जीपकडे तोंड करून, सावकाश चावून खाल्ला. मग दुसरा घास घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं पुसलं नाही. भगवानराव बघत होते, सासूबाई काचेतून बघत होत्या. सिंधूताई समोरच उभ्या होत्या, तिचं खाऊन होईपर्यंत उभ्या राहिल्या. मग तूप लागलेला हात पदराला न पुसता तसाच मिटून त्या रस्ता ओलांडून परत गेल्या.

जीप घाट उतरून दिसेनाशी झाली. पुंजाजी इतका वेळ सरपणाशी खाली मान घालून बसला होता, तो जवळ आला.

“काऊन वं,” तो हळूच म्हणाला, “एवढी चालून आली होती बाई. द्याले काय झालं होतं?”

“दिला होता मी,” कोकिळाबाई म्हणाली. “त्यायनं खाल्ला नाही.”

कढईत खवा खाली लागायला आला होता. तिनं हात धुतले आणि उलथणं उचललं.